नदीत पोहून वाढलेल्यांची इम्युनिटी खरंच जास्त असते का?

नसते. तुम्ही ज्या अर्थाने विचारताय त्या अर्थाने तर नाहीच.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहता, सुट्टीत पोरांना घेऊन बेळगावजवळ मामाच्या गावाला येता, आणि मामा म्हणतात सोड त्यांना मार्कंडेय नदीत, आम्ही त्याच पाण्यावर वाढलो, आम्हाला काय झालं? फिल्टरचं पाणी पिऊन तुमची पोरं पोचट झालीत. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो, कारण हेच वाक्य माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने, अण्णाने, मला दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून ऐकवलंय.

मी बेळगावात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बरीच वर्षं झाली. मूळ गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठाला. आई गेल्यावर आप्पांना, म्हणजे वडिलांना, मी टिळकवाडीत माझ्याकडे आणलं, दोन वर्षं राहिले, घरात आरओ होता, तेच पाणी प्यायचे. 2019 ला नट्टीला, म्हणजे भातलावणीला, माणसं मिळेनात म्हणून अण्णाने बोलावलं, आणि आप्पांना तर निमित्तच पाहिजे होतं. वय 67, पण रोप लावायला वाकले की पोरांना मागे टाकायचे.

त्या ऑगस्टात काय पाऊस झाला ते आमच्या भागात कुणाला सांगायला नको. चिकोडी, निपाणी, गोकाक, सगळीकडे पाणी, यमगर्णीजवळ वेदगंगा हायवेवर आली होती. आमच्या शिवारात मलप्रभा काही दिवस बसून राहिली. पाणी उतरल्यावर आप्पा रोज सकाळपासून शेतात, गुडघाभर चिखलात, अनवाणी, वाहून गेलेले बांध घाल, उपटलेलं रोप परत लाव. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, कातडी पांढरी पडून फाटलेली, रात्री मेंदी लावून झोपायचे आणि सकाळी परत त्याच पाण्यात. ते चित्र माझ्या डोळ्यापुढून जात नाही कारण मी एका रविवारी गेलो होतो, ते पाय बघितले होते, आणि बूट घाला म्हणण्यापलीकडे काही केलं नाही. अण्णा म्हणाला, बूट घालून भात लावतात होय कुणी.

नारळी पौर्णिमा आणि पंधरा ऑगस्ट त्या वर्षी एकाच दिवशी आले होते, त्यानंतर तीन दिवसांनी ताप आला. थंडी वाजून, डोकं फुटेल असा. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, एक सलाईन लावलं, दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मला फोन. मी गाडी घेऊन गेलो, बेळगावात आणलं आणि रक्त मीच काढलं, टायफॉईडसाठी करतात ती विडाल टेस्ट मीच केली. 1:80 आली. टायफॉईड असणार म्हणून गोळ्या सुरू झाल्या. आता हे जरा नीट वाचा कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. विडाल काय दाखवते? अँटीबॉडी. आमच्या भागात ठणठणीत माणसाची विडाल केली तरी 1:80 सापडते, कारण कधी ना कधी त्या जंतूशी किंवा त्याच्या भाऊबंदांशी गाठ पडलेली असते. त्या अँटीबॉडीचा अर्थ एवढाच की ओळख झालीय. संरक्षण आहे असा नाही. ज्याला एकदा मुदतीचा ताप येऊन गेला त्याला परत येतो, अशी माणसं मी दरवर्षी बघतो. मला हे माहीत होतं आणि तरी स्वतःच्या बापाच्या वेळी मी त्या 1:80 वर विश्वास ठेवला. तीन दिवस गेले त्यात.

सहाव्या दिवशी सकाळी आप्पांना उठवून बसवताना माझा हात त्यांच्या पोटरीला लागला आणि ते ओरडले. माझ्या आयुष्यात मी त्या माणसाला ओरडताना ऐकलं नव्हतं, बैलाने पायावर पाय दिला तरी नुसतं हं म्हणणारा माणूस. डोळे जास्वंदीसारखे लाल, पण चिपड नाही, पाणी नाही, नुसते लाल. आणि लघवी कडक चहासारखी, तीही दिवसभरात पेलाभर. तेव्हा डोक्यात उजेड पडला. थेट मोठ्या दवाखान्यात. किडनीचं काम कळतं ते क्रिएटिनिन 6.8, म्हणजे फारच वाढलेलं, प्लेटलेट 40 हजार, डोळे पिवळे व्हायला लागलेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, शेतात पाण्यात काम करतात का? लेप्टो. लेप्टोस्पायरोसिस. कन्नडात इलि ज्वर म्हणतात, उंदराचा ताप. दवाखान्यातल्या पहिल्या दिवशी लेप्टोची टेस्टसुद्धा निगेटिव्ह आली, कारण ती टेस्टही अँटीबॉडीचीच, आणि शरीराला त्या तयार करायला आठवडाभर लागतो. डॉक्टरांनी रिपोर्टवर न जाता इंजेक्शन सुरू केली म्हणून आप्पा आज आहेत. चार दिवसांनी परत केली तेव्हा पॉझिटिव्ह. तीन वेळा डायलिसिस लागलं. गणपती बसले तेव्हा ते वॉर्डातच होते, गौरी-गणपती विसर्जनाच्या दिवशी घरी आणलं.

जिन्यातली गोष्ट पहिल्या डायलिसिसच्या दिवशीची. अण्णा म्हणाला, "दोन वर्षं त्या मशीनचं पाणी पाजून तूच त्यांची ताकद काढून घेतलीस. गावात राहिले असते तर त्यांना काय बी झालं नसतं. मी त्याच पाण्यात होतो की, मला काय झालं?" मी तेव्हा गप्प बसलो, वेळ तशी होती. नंतरही सणासुदीला विषय निघाला की तेच, आणि गावातल्या चार जणांना ते पटलेलं आहे. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

एक तर लेप्टो पोटातून येतो हाच गैरसमज. पाणी पिऊनही होऊ शकतो, पण मुख्य वाट कातडीची. चिरा, ओरखडे, चिखल्या, पाण्यात भिजून मऊ पडलेली कातडी, डोळ्याच्या आणि नाकाच्या आतलं आवरण. उंदीर आजारी न पडता महिनोन्महिने लघवीतून हा जंतू सोडत राहतो, गुरं आणि कुत्रीही सोडतात, आणि गोड्या पाण्यात, ओल्या मातीत तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. पूर येतो तेव्हा बांधातली सगळी बिळं धुऊन ते शेतात उतरतं. यात आरओने काय केलं? काही नाही. आप्पा दोन वर्षं मलप्रभेचं पाणी तांब्याने पीत राहिले असते तरी त्या चिखल्यांतून जंतू आत जायचा तो गेलाच असता.

दुसरं, या लेप्टोचे 200 च्या वर प्रकार आहेत, आणि एकाची इम्युनिटी झाली तरी ती बहुतेक त्या प्रकारापुरती आणि त्याच्या जवळच्यांपुरती. दुसऱ्या प्रकारापुढे तुम्ही कोरेच. म्हणजे लहानपणी नदीत पोहून समजा एखाद्या प्रकाराशी गाठ पडून अंगावर निभावलीही असेल, तरी या वर्षीच्या पुरात जो आलाय तो तोच कशावरून? आणि अण्णाला काही झालं नाही कारण त्याच्या पायाला जखमा नव्हत्या, किंवा झालं असेल आणि दोन दिवस अंग दुखून गेलं असेल, बहुतेकांना तेवढंच होतं. त्याच्यात काही ताकद होती आणि आप्पांची गेली होती, असं त्यातून निघत नाही.

तिसरं, "आम्हाला काय झालं" हे वाक्य फक्त जिवंत माणसं बोलतात. माझी आज्जी तिची मुलं मोजताना सात म्हणायची. आम्ही काका-आत्या मिळून पाचच बघितले. उरलेली दोन एका पावसाळ्यात, आठ दिवसांच्या अंतराने, पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गेली. आज्जी त्यांची नावं घेताना आवाज खाली आणायची आणि हातातलं काम थांबवायची, भाजी निवडत असली तर काडी तशीच बोटांत धरून ठेवायची. त्याच नदीचं पाणी, त्याच घरची मुलं. अण्णाने आज्जीच्या मांडीवर बसून हे ऐकलंय.

गंगेच्या पाण्यात जंतू मरतात असं पण मला सांगितलं जातं, तुमच्या मामांनीही सांगितलं असेल. ती गोष्ट खरी आहे. हॅन्किन नावाच्या शास्त्रज्ञाने 1896 मध्ये लिहिलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, आणि पुढे जंतूंना खाणाऱ्या विषाणूंचा शोध लागल्यावर त्यामागचं कारण हेच असावं असं मानलं गेलं. पण ते विषाणू पण एकेका जंतूपुरतेच असतात, कुलपाला किल्ली तसे. त्यावरून कुठलंही वाहतं पाणी निर्मळ, असं होत नाही. आणि मामांच्या लहानपणीची मार्कंडेय आता आहे का? राकसकोप धरणाच्या वर ती वेगळी, खाली गावागावाचं गटार मिळत गेल्यावर वेगळी. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांना विचारा, बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरलं की त्यात उतरायला कसं वाटतं ते. आंघोळीच्या पाण्याला आपल्याकडे सरकारी मर्यादा आहे, 100 मिलीलीटरमध्ये मैल्यातले कोलिफॉर्म जंतू 500 च्या आत असावेत, फार तर 2500. पिण्याच्या पाण्यात एकही ई-कोलाय चालत नाही. डोळ्याला स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात हा आकडा किती आहे ते कळत नाही, आणि हगवणीचा शिगेला नावाचा जंतू तर दहा ते शंभर पोटात गेले तरी पुरे होतात, एक घोट पाणी लागत नाही. पोटातलं ॲसिड बरेच जंतू मारतं, ती खरी पहिली भिंत, पण रोज ॲसिडिटीची गोळी खाणाऱ्याची ती भिंत पण खाली आलेली असते.

आता पोरांचं. पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत नदीत नको, पूर ओसरल्यावरच्या दिवसांत तर अजिबात नको. पायाला जखम असेल तर कधीच नको. उन्हाळ्यात, वाहतं पाणी, वरच्या बाजूला गटार किंवा गुरं धुवायची जागा नाही, तर डोकं वर ठेवून पोहू द्या, घरी येऊन साबणाने आंघोळ. मी माझ्या पोराला तेवढं सोडतो. पिण्याचं पाणी मात्र उकळून.

हेही सांगतो नाहीतर एकांगी होईल, माती-गुरांमध्ये वाढणाऱ्या मुलांना दमा आणि ॲलर्जी कमी होते असं युरोपातल्या शेतकरी कुटुंबांच्या अभ्यासात दिसलेलं आहे. ते मला मान्य आहे, पोरांना चिखलात खेळू द्या. फक्त दम्यापासून वाचणं वेगळं आणि टायफॉईड, लेप्टोपासून वाचणं वेगळं, याचं त्याला जोडू नका. आणि टायफॉईडची इम्युनिटीच पाहिजे असेल तर लस आहे, ती द्या. डॉक्सीसायक्लिनची गोळी आठवड्याला एक घेतली की लेप्टो होत नाही असं आमच्याकडे पावसाळ्यात सर्रास सांगतात, पुराच्या पाण्यात काम करणाऱ्यांना डॉक्टर ती देतात हे बरोबर, पण मेडिकलमधून स्वतः आणून लहान मुलांना किंवा गरोदर बाईला देऊ नका.

आणि गावाहून परत गेल्यावर महिन्याभरात कुणाला ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर पुण्यातल्या डॉक्टरला स्वतःहून सांगा की नदीत उतरलो होतो, ते विचारतील याची वाट बघू नका. आप्पांच्या केसपेपरवर ते सहाव्या दिवशी लिहिलं गेलं.