मानसिक आजारामुळे बोर्ड आऊट झालेल्या जवानाला पुन्हा सैन्यात घेतात का?

तुमची हकीकत थोडक्यात अशी: तोफखान्यात सात वर्षं नोकरी, डिप्रेशनमुळे दोन वर्षांपूर्वी बोर्ड आऊट, म्हणजे मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवून घरी पाठवलं, पेन्शन नाही. गेलं वर्षभर गोळ्या बंद आहेत, सिन्नरच्या एमआयडीसीत काम चालू आहे आणि डॉक्टर म्हणतात, आता काही त्रास नाही. पुन्हा वर्दी मिळेल का, हा तुमचा प्रश्न.

नियमात वाट आहे, पण फार अरुंद. आणि त्या वाटेला लागण्याआधी तुम्ही पेन्शनचं अपील करावं असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो.

सैन्याच्या 1987च्या रेग्युलेशन्समधला परिच्छेद 143 नेमका याच विषयावर आहे. ज्याला डिसॅबिलिटी पेन्शन चालू आहे, त्याला पुन्हा भरती करून घेत नाहीत. ज्याला ती मिळालीच नाही, किंवा फेरतपासणीत अपंगत्व 20 टक्क्यांच्या खाली आल्यामुळे ज्याची पेन्शन बंद झाली, तो पात्र ठरू शकतो. अट एकच, पण मोठी: नव्याने मेडिकल बोर्ड व्हायला हवा आणि त्यात तो फिट ठरायला हवा. तुम्ही या दुसऱ्या गटात बसता.

क्रम असा. आधी भरती कार्यालयातला मेडिकल ऑफिसर तपासतो. त्याला तुम्ही फिट वाटलात तर तो रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायला सांगतो. तुम्ही गनर (तोफखान्याचे जवान), म्हणजे तुमचं रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोड कॅम्पलाच. तिथल्या प्रमुख अधिकाऱ्याला तुम्हाला परत घेणं इष्ट वाटलं, तरच तो घराजवळच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये बोर्ड लावतो. तुमच्यासाठी ते देवळाली. मात्र मानसिक आजाराच्या केसमध्ये सैन्याच्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत लागतंच, त्यामुळे पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला जायची तयारी ठेवा.

बहुतेक अर्ज अडतात ते त्या ‘इष्ट’ शब्दावर. परत घेणं हा तुमचा हक्क नाही, तो अधिकाऱ्याचा निर्णय आहे. जागा, वय, ट्रेड, जुना शेरा, सगळं त्यात येतं. शेप या सैन्याच्या वैद्यकीय श्रेणीतला ‘एस’, म्हणजे मानसिक आरोग्याचा भाग, बिघडलेला माणूस परत घेताना सैन्य कचरतं, त्यालाही कारण आहे. डिप्रेशनचा एक झटका येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना तो पुन्हा कधीतरी येतो. जवानाच्या हातात हत्यार असतं, झोप मोडलेली असते, आणि सीमेवरच्या चौकीवर मानसोपचारतज्ज्ञ नसतो. तुम्ही आज बरे आहात हे खरं असलं, तरी बोर्ड उद्याचा विचार करतो.

आता कागद. तुमच्याकडे बहुधा फक्त डिस्चार्ज बुक असेल. तेवढ्यावर काहीच होत नाही. रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज करा, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा, आर्मी नंबर, ट्रेड, युनिट आणि डिस्चार्जची तारीख लिहा, आणि दोन गोष्टी नाव घेऊन मागा. पहिली, एएफएमएसएफ-16, म्हणजे इनव्हॅलिडिंग बोर्डाची (तुम्हाला अनफिट ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाची) पूर्ण कार्यवाही. दुसरी, एएफएमएसएफ-10, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना तुमच्या सी.ओ.नी (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरने) लिहिलेला अहवाल. हॉस्पिटलच्या केसशीट मागायलाही विसरू नका. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 25 नुसार स्वतःच्या उपचारांचे कागद मिळणं हा तुमचा हक्क आहे.

16 नंबरचा फॉर्म हातात आला की बोर्डाच्या मताचा भाग शांतपणे वाचा. आजार नोकरीमुळे झाला का, नोकरीत वाढला का, दोन्ही नाही का, टक्केवारी किती, किती काळासाठी, हे सगळं तिथे असतं. तुम्हाला पेन्शन नाही, म्हणजे तिथे बहुतेक ‘दोन्ही नाही’ असणार, ज्याला सगळे ‘नाना’ म्हणतात. शेजारी कारण दिलंय का ते बघा. पुष्कळदा ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर’ एवढे दोनच शब्द असतात, म्हणजे आजार जन्मजात प्रकृतीचा. 10 नंबरच्या अहवालात डोंगरी पोस्टिंग, रजा नाकारली गेली, घरातलं आजारपण असं काही नोंदलेलं असेल तर त्यावर खूण करा. अपिलात तेच कामाला येतं.

हे अपील का करायचं? भरतीच्या वेळी तुमच्या कागदावर आजाराची नोंद नव्हती. अशा वेळी आजार नोकरीतच उद्भवला असं धरायचं आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंह प्रकरणात सांगितलं. त्याच वर्षी वीरपाल सिंह यांच्या स्किझोफ्रेनियाच्या केसमध्ये कोर्टाने बोर्डाचा तोकडा अहवाल जसाच्या तसा न स्वीकारता नव्याने तपासणी करायला लावली. कारण न देता लिहिलेलं ‘नाना’ त्यामुळे टिकणं अवघड असतं.

पहिल्या अपिलाची मुदत सहा महिन्यांची होती, ती उलटली आहे. तरी उशीर माफ करण्याचा अर्ज जोडून अपील पाठवा. ते फेटाळलं तर मुंबईला आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्यदलांच्या प्रकरणांचं न्यायाधिकरण, आहे. पेन्शनचा हक्क उशिरामुळे सहसा बुडत नाही, पण थकबाकी दावा दाखल केल्याच्या मागच्या तीनच वर्षांची मिळते. तुम्हाला दोन वर्षं झाली आहेत, म्हणजे अजून वर्षभराच्या आत ट्रिब्युनलला पोचलात तर एक रुपयाही जाणार नाही. कागद समजून घ्यायला आणि वकिलाची सोय विचारायला नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

आता खरी गाठ. अपील जिंकलात आणि पेन्शन सुरू झाली, की परिच्छेद 143 नुसार परतीची वाट बंद. दोन्ही एकदम मिळत नाही. तुमच्या जागी मी पेन्शन निवडेन. कायम स्वरूपाच्या अपंगत्वाचा बोर्डाचा निर्णय 2001च्या आदेशानंतर आयुष्यभरासाठी असतो, तुम्ही स्वतः फेरतपासणी मागितली तरच तो उघडतो. पेन्शनबरोबर ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) उपचार येतात आणि माजी सैनिक हा दर्जा येतो. मेडिकलवर घरी आलेल्याला तो दर्जा आजार नोकरीशी जोडलेला आणि पेन्शन मंजूर असेल तर मिळतो. त्या दर्जावर राज्य सरकारच्या गट क आणि ड मधलं 15 टक्के आरक्षण अवलंबून आहे. ज्यांना पेन्शन आधीच चालू आहे आणि जे भरतीच्या आशेने स्वतःहून फेरतपासणी मागायला निघालेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, असं करू नका. टक्केवारी 20च्या खाली गेली तर पेन्शन जाते, आणि भरतीची हमी कुणीच देत नाही.

हे सगळं वाचूनही वर्दीच हवी असेल, तर तो तुमचा निर्णय आणि मी त्याचा मान राखतो. मग तयारी नीट करा. ‘फिट फॉर ड्युटी’ अशी एका ओळीची चिठ्ठी बोर्डासमोर चालत नाही. डॉक्टरांकडून सविस्तर अहवाल घ्या: निदान, औषधाचं नाव आणि डोस, डोस कधीपासून कमी केला, कधी थांबवला, त्यानंतर किती वेळा तपासलं, झोप, दारू, घरातलं वागणं. कंपनीतल्या हजेरीचा दाखला आणि पगाराच्या पावत्या जोडा. रात्रपाळी त्रास न होता केली असेल तर ते आवर्जून लिहून घ्या, कारण झोपेची घडी मोडल्यावर माणूस कसा राहतो हेच बोर्डाला बघायचं असतं.

तुमच्यासारखे इतरही हे वाचतील म्हणून सांगतो. बोर्डासाठी गोळ्या स्वतःहून कधीच बंद करू नका. डिप्रेशनच्या गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर, चिडचिड, झोप उडणं सुरू होतं आणि तपासणीत नेमकं तेच दिसतं. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) अचानक थांबवलं तर आजार उसळून येतो. डोस डॉक्टरच उतरवतील, हळूहळू.

जुना डिस्चार्ज लपवून नव्याने भरतीला उभं राहण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. भरतीच्या वेळी खोटं उत्तर देणं हा आर्मी ॲक्टच्या कलम 44 खाली गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. टेरिटोरियल आर्मी आणि डीएससी (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) यांनाही मेडिकल चुकत नाही. पैसे घेऊन बोर्ड पास करून देतो म्हणणाऱ्याला कागदाची झेरॉक्ससुद्धा देऊ नका.

या धावपळीत झोप पुन्हा उडाली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर अर्ज बाजूला ठेवून 14416 वर फोन करा. टेली-मानसची ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. 16 नंबरचा फॉर्म मिळाला की त्यातल्या कारणाच्या रकान्यातला मजकूर, नाव आणि नंबर झाकून, इथे टाका. अपिलात काय मांडायचं ते त्यावरून सांगता येईल.