यमक, जावळा आणि मोरया

प्रश्न असा आला आहे : परळच्या एका लग्नात नवरीने नाव घेतलं, "भायखळ्याच्या मंडईत भाजी घेते निवडून, अमुकरावांचं नाव घेते सगळ्यांना ओवाळून." करवल्या ओरडल्या, "यमक जुळली नाही!" मग माइक हातात असलेल्या गृहस्थांनी "परळच्या पोरी पक्क्या पारखी" अशी फोडणी टाकली आणि मागच्या खुर्च्यांवरून दाद आली, "काय यमक साधलंय!" विचारणाऱ्या ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत. 'यमक जुळली' बरोबर की 'जुळलं'? माइकवाल्यांचं ते यमक की अनुप्रास? आणि नवरीचं यमक जुळलं होतं की नव्हतं?

पहिल्या दोन लगेच उरकतो. यमक नपुंसकलिंगी आहे. ते यमक, ती यमकं. एक यमक जुळतं, अनेक यमकं जुळतात. घोळ कुठून आला तेही सांगतो. "यमकं जुळली" हे नपुंसकलिंगी अनेकवचन अगदी शुद्ध आहे. त्यातल्या 'यमकं'वरचा अनुस्वार घाईत गिळला, की उरतं "यमक जुळली", आणि ऐकणाऱ्याला वाटतं ही एकच बाई आहे. शिवाय कविता, ओळ, चाल, ओवी सगळ्या स्त्रीलिंगी, त्यांच्या संगतीत यमकही 'ती' झालं. सूत्रसंचालकांच्या तोंडून हे रोज ऐकू येतं आणि दर वेळी कानाला खटकतं.

माइकवाल्यांचा तो अनुप्रास. 'प' पुन्हा पुन्हा आला, एवढंच. अनुप्रासात अक्षर परत येतं, अर्थाशी त्याला देणंघेणं नसतं. "पावसात परळच्या पुलाखाली पाणी" हाही अनुप्रासच. त्याला यमक म्हणणं म्हणजे एकाच आडनावाच्या सगळ्यांना जुळे भाऊ म्हणण्यासारखं आहे.

जुळे भाऊ हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. यमक या शब्दात जुळी भावंडंच बसली आहेत.

संस्कृतात 'यम' म्हणजे जुळा. त्याचाच भाऊ 'यमल'. कृष्णाने उखळ ओढत नेऊन पाडले ते यमलार्जुन, म्हणजे अर्जुनवृक्षांची जुळी जोडी. आता या यमलचं मराठीत काय झालं पाहा. संस्कृतातला सुरुवातीचा 'य' प्राकृतात 'ज' होतो : यात्रेची जत्रा झाली, योगाचा जोग झाला. दोन स्वरांमधला 'म' मराठीत 'व' होतो : ग्रामाचं गाव, नामाचं नाव. तोच 'म' श्यामलमध्ये होता, त्याचा सावळा झाला. आमलकात होता, त्याचा आवळा झाला. यमलात होता, त्याचा जावळा झाला. सावळा, आवळा, जावळा! तीन शब्द एकाच वाटेने चालत आले आणि मराठीत पोचताना आपोआप यमकात उभे राहिले. कोकणात आणि गोव्याकडे जुळ्या मुलांना जावळी म्हणतात ते हेच. (बाळाचं जावळ काढतात ते केस वेगळे, त्यांची इथे गल्लत करू नका.) म्हणजे यमक आणि जावळा हे एकाच घरातले. एक काशीला जाऊन शास्त्री झाला, दुसरा कोकणात घरीच राहिला, इतकाच फरक.

इथे काही विद्वान हात वर करतात. यम म्हणजे नियमन, 'यम्' धातूपासून, म्हणून यमक म्हणजे ओळीच्या टोकाला लावलेला लगाम, अशी मांडणी मी व्याख्यानांतून ऐकली आहे. टाळ्याही पडतात. मला ती साफ अमान्य आहे. 'संयम'मधला यम धातूचा आहे, कबूल. पण यमकातला यम जुळाच. एवढंच काय, खुद्द यमराजाच्या नावाबद्दलही माझा हाच आग्रह आहे. यास्कांनी निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या आपल्या ग्रंथात, ते नाव 'यच्छति' या क्रियापदावरून लावलं आहे. यास्कांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, इथे त्यांचं चुकलं. ऋग्वेदाच्या १०व्या मंडलातलं १०वं सूक्त उघडा. यम आणि यमी बोलत आहेत आणि यमी म्हणते, आपण गर्भात होतो तेव्हाच विधात्याने आपली जोडी केली. एका गर्भात दोघं! जुळेपणाचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा? भावाचं नाव यम, बहिणीचं यमी, म्हणजे जुळा आणि जुळी. पुढे यमीची यमुना झाली आणि भाऊ तिच्या घरी जेवायला गेला तो दिवस यमद्वितीया, आपली भाऊबीज. मृत्यूचा देव म्हणून ज्याचं नाव घ्यायला आपण कचरतो, त्याच्या नावाचा मूळ अर्थ बहिणीच्या पाठीला पाठ लावून आलेला भाऊ असा आहे. मला हा अर्थ फार जवळचा वाटतो आणि तो लगामाच्या बदल्यात सोडायची माझी तयारी नाही.

पुरावा वेदावर थांबत नाही. इराणी परंपरेत, अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथात, हाच पुरुष 'यिम' नावाने येतो. त्याला 'तेजस्वी' असं विशेषण आहे आणि ते विशेषण नावाला चिकटून पुढे फारसीत नाव झालं जमशेद. पुन्हा 'य'चा 'ज'! यमलचा जावळा झाला आणि यिमचा जम झाला. मुंबईत तर हा जम पावलोपावली भेटतो. २१ मार्चला पारशी घरांत साजरा होतो तो जमशेदी नवरोज. जे. जे. रुग्णालय, जे. जे. कला महाविद्यालय, त्यांतला पहिला 'जे' म्हणजे जमशेटजी. भायखळ्याहून बसने जे. जे.वरून जाताना मला दर वेळी तो शब्दाचा प्रवास आठवतो. सिंधूच्या अलीकडे जो यम, पलीकडे जो यिम, ती दोन नावं हजारो वर्षांनी या एका शहरात शेजारी आली. भाऊबीज इथलीच आणि नवरोजही इथलाच.

आता कवितेकडे. यमक जुळा आहे हे एकदा पटलं की त्याची व्याख्या पाठ करावी लागत नाही. जुळ्यांचा चेहरा एक असतो, माणसं दोन असतात. तसंच, ध्वनी एक, अर्थ दोन, तर ते यमक. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार मोजून चार आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. म्हणजे शब्दाचा अलंकार एकटा हाच. 'काव्यप्रकाश' लिहिणाऱ्या मम्मटानेही अट घातली आहे की परत येणाऱ्या अक्षरांना अर्थ असेल तर तो वेगळा हवा. कालिदासाने रघुवंशाच्या ९व्या सर्गात श्लोकामागून श्लोक अशी यमकं गुंफली आहेत. पहिल्याच श्लोकात दशरथाचं वर्णन येतं : 'यमवतामवतां च धुरि स्थितः'. संयमी लोकांत आणि रक्षणकर्त्यांत तो अग्रभागी होता. 'यमवताम्' आणि 'अवताम्' हे दोन शब्द सलग म्हणून पाहा, य-मवता-मवतां. तोच ध्वनी दोनदा आला, पण पहिल्या वेळी तो एका शब्दाच्या पोटातला आहे आणि दुसऱ्या वेळी दोन शब्दांच्या सांध्यातून निघाला आहे. घटकर्पर नावाच्या कवीची तर प्रतिज्ञाच होती की जो मला यमकात जिंकेल त्याच्या घरी मी फुटक्या घड्याच्या खापरातून पाणी भरीन. त्या खापरावरूनच त्याचं नाव पडलं. केवळ ओळीचं टोक जुळवण्यासाठी कोणी असली पैज लावत नाही.

हे सगळं संस्कृतात राहिलं, असं वाटत असेल तर अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर उभे राहा. "गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या." मो-रया, लवक-र या. एक 'रया' देवाच्या नावाच्या पोटात आहे, त्यात चिंचवडचे मोरया गोसावी आहेत असं परंपरा सांगते. दुसरा 'र या' लवकरचं शेपूट आणि 'या' हे आर्जव मिळून बनला आहे. ध्वनी तोच, अर्थ संपूर्ण वेगळा, आणि सांधा कुठे आहे ते ऐकून कळतसुद्धा नाही. हे कालिदासाच्या जातीचं यमक आहे आणि लाखो माणसं ते भर रस्त्यात म्हणतात. त्याच मिरवणुकीत "एक दोन तीन चार, गणपतीचा जयजयकार" होतं. तिथे फक्त शेवटचा 'आर' मिळतो. तेही आपण यमकच म्हणतो, पण जातीने ते वेगळं.

हे दुसरं यमक, ओळीच्या शेवटचं, आपल्याकडे प्राकृत-अपभ्रंशाच्या वाटेने आलं. संस्कृत श्लोकाला त्याची गरज नव्हती. मराठी ओवीला मात्र तेच हाडीमांसी आहे : 'आतां विश्वात्मकें देवें, येणें वाग्यज्ञें तोषावें, तोषोनि मज द्यावें, पसायदान हें.' देवें, तोषावें, द्यावें, आणि चौथा आखूड चरण मोकळा. पंडितांच्या काळात मोरोपंतांनी 'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो, कलंक मतिचा झडो' करत एकाच श्लोकात घडो-पडो-झडोची रांग लावली. हिंदीने या प्रकाराला तुक हे वेगळं नाव दिलं. आपण मात्र दोन्हीला यमकच म्हणत आलो. त्याला माझी हरकत नाही, वापराने शब्द रुंदावतो. पण हिंदीत तुक 'मिलती', म्हणजे दोघं भेटतात. मराठीत यमक 'जुळतं'. जुळणं आणि जुळं हे एकाच कुळातले शब्द, आणि जुळं हे युगलावरून आलं असं मानतात. मराठी कानाला यमक हे जुळं आहे हे आतून ठाऊक होतं, म्हणूनच त्याने हे क्रियापद उचललं, असं माझं ठाम मत आहे.

हरकत आहे ती गझलवाल्यांच्या 'अंत्ययमका'ला. सुरेश भटांनी मराठी गझलेला बाराखडी शिकवली, त्यांचं ऋण मोठं आहे. पण काफियाला यमक आणि रदीफला अंत्ययमक म्हणायचा प्रघात पडला तो मला पटत नाही. काफिया म्हणजे रदीफच्या आधी येणारा, दर शेरात बदलणारा पण ध्वनीने जुळणारा शब्द. रदीफ म्हणजे तोच शब्द, त्याच रूपात, दर शेराच्या शेवटी. तो जुळा नाही, तोच माणूस पुन्हा दारात आलेला आहे. शिवाय व्याकरणाच्या पुस्तकात अंत्ययमक म्हणजे ओळीच्या शेवटचं साधं यमक, आणि गझलेत म्हणजे रदीफ. एकाच शब्दाने मुलांना दोन वेगळ्या गोष्टी शिकवायच्या, हा कुठला न्याय? अरबीत रदीफचा अर्थ किती सुरेख आहे : घोड्यावर स्वारामागे बसणारा. काफिया पुढे, रदीफ त्याच्या मागे. ज्याने कुणाला बाइकवर मागे बसवलं आहे त्याला हे एका क्षणात समजेल. रदीफला रदीफच म्हणा.

नवरी राहिली. निवडून-ओवाळून. करवल्यांचं व्याकरण चुकलं, पण कान शाबूत होता. दोन्हीकडे मिळतो तो नुसता 'ऊन', आणि तोही एकाच अर्थाचा एकच प्रत्यय. बसून, हसून, करून, मरून, मराठीतलं कुठलंही क्रियापद तिथे आणून ठेवा, चालेल. इतक्या स्वस्तात मिळालेल्या ध्वनीला मी यमक म्हणणार नाही. निदान 'निवडून'ला 'आवडून' आणलं असतं, तर 'वडून' एवढा तरी चेहरा मिळाला असता.

आणि अस्सल, जावळंच हवं असेल, तर पुढच्या लग्नासाठी हे घ्या : "लालबागच्या मांडवात म्हणते गणपती मोरया, अमुकराव, ऑफिस सुटलं की घरी लवकर या."