टर्नटेबल कुठलं घ्यावं? आधी रेकॉर्डी तर बघा

जुनं घर विकायला काढलं किंवा माळा साफ केला की रेकॉर्डींची पेटी बाहेर येते आणि मग प्रश्न सुरू होतात. बहुतेकांना थेट मॉडेलचं नाव हवं असतं. माझं म्हणणं असं की आधी पेटीत काय आहे ते बघा, मग सुई ठरवा, आणि टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारं मशीन, सगळ्यात शेवटी. या वेळी वाचकांचे निवडलेले प्रश्न घेतोय, उत्तरं लहान-मोठी झालीयेत ती चालवून घ्या.

आजोबांच्या ट्रंकेत ऐंशी-नव्वद रेकॉर्डी सापडल्या. काही जाड आणि जड आहेत, काही पातळ आणि मोठ्या. सगळ्या वाजतील असं एकच टर्नटेबल सांगा. (सातारा)

जाड आणि जड आहेत त्या लाखेच्या, ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या. बहुतेक दहा इंची, एका बाजूला एकच गाणं, तीन-साडेतीन मिनिटांचं. पातळ मोठ्या त्या व्हिनाइल नावाच्या प्लास्टिकच्या एलपी (लाँग प्ले), ३३ च्या. हा प्रकार कोलंबियाने १९४८ मध्ये अमेरिकेत आणला, पण आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं, अगदी साठच्या दशकातसुद्धा, ७८ च्या रेकॉर्डी निघत होत्या, त्यामुळे एकाच घरात दोन्ही सापडणं अगदी नॉर्मल आहे. सात इंची छोट्या असतील तर बहुतेक ४५ च्या. शंका असेल तर लेबलवर स्पीड छापलेला असतो, वाकवून वगैरे बघू नका, लाखेची रेकॉर्ड वाकत नाही, तुटते.

आता मुद्दा. लोकांना वाटतं टर्नटेबलवर ७८ चं बटण असलं की काम झालं. तसं नाही. ७८ ची खाच बरीच रुंद असते, तिला लागणाऱ्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपास. एलपीची साधी गोल सुई ०.७ मिलची, म्हणजे १८ मायक्रॉन. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन बसते, तिथे पन्नास-साठ वर्षांची धूळ आणि लोखंडी पिनांचा चुरा असतो, मग गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते आणि लोक म्हणतात रेकॉर्डच खराब झालीय. उलट ७८ ची सुई एलपीवर ठेवली तर एलपी कायमची कामातून जाते.

म्हणजे तुम्हाला हवं काय तर तीन स्पीड, सुई बदलता येईल असं कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो छोटा भाग), आणि टोनआर्मच्या, म्हणजे ते कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीच्या, मागे फिरवता येणारं वजन, कारण ७८ च्या सुईला वजन जास्त लागतं. या तिन्ही गोष्टी एकत्र देणारं, कॉम्प्युटरला थेट जोडायच्या यूएसबीसकट, सहज मिळणारं नाव म्हणजे ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स यूएसबी. त्यात व्हीएम९५ मालिकेचं कार्ट्रिज येतं, त्याची पुढची सुई हाताने ओढून काढता येते आणि त्याच जागी ७८ ची वेगळी सुई बसते. त्याच कंपनीचं एलपी६०एक्स स्वस्त आहे म्हणून मोह होतो, पण त्याला ७८ नाही आणि वजनही बदलता येत नाही. फक्त एलपी आणि ४५ असत्या तर मी तेच घ्या म्हणालो असतो.

आणि ७८ च्या चार-पाचच निघाल्या, बाकी सगळ्या एलपी, तर त्या चार-पाचांसाठी एवढा खर्च करू नका. ज्याच्याकडे सोय आहे त्याच्याकडून त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

ऑनलाइन सूटकेससारखा रेकॉर्ड प्लेअर बघितला, तिन्ही स्पीड आहेत, स्पीकर आतच आहे, दिसायला तर फारच गोड. घेऊ का? (ठाणे)

दिवाणखान्यात ठेवायला घ्या. रेकॉर्ड वाजवायला नको.

कारण सांगतो. यातल्या बहुतेकांत स्वस्त सिरॅमिक कार्ट्रिज असतं, ते रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅमने दाबतं, चांगल्या कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतात. वजन कमी करायची सोयच नसते. वर स्पीकर त्याच डब्यात, म्हणजे आवाज मोठा केला की अख्खा डबा हादरतो आणि ती थरथर परत सुईत शिरते. ७८ चं बटण असतं पण सुई एलपीचीच. आईच्या आवडीच्या एलपीवर हा प्रयोग करू नका.

घरी एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आहे, वडिलांनी पहिल्या पगारातून घेतलेला. दुरुस्त करून त्याच्यावरूनच डिजिटाइज केलं तर? (नागपूर)

दुरुस्त जरूर करा. जुनं रबर कडक होतं, ग्रीस सुकतं, मग गाणं लांबल्यासारखं, हेलकावे खात वाजतं. हे सगळं जाणकार मेकॅनिककडून होऊ शकतं, फक्त असा माणूस शोधावा लागतो, मोबाइल दुरुस्त करणाऱ्याच्या हातात देऊ नका.

डिजिटाइज मात्र त्याच्यावरून नको. त्या काळच्या अशा पोर्टेबल प्लेअरांत बहुतेक क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. त्याचा सिग्नल जोरदार असतो, प्रीअँप (बारीक सिग्नल वाढवणारी डबी) लागत नाही, पण त्याला पुढे खूप जास्त इम्पीडन्सचं, म्हणजे विजेला जास्त अडवणारं, इनपुट लागतं, दहा लाख ओहमच्या घरातलं. कॉम्प्युटरच्या लाइन-इनला ते एवढं नसतं, त्यामुळे खालचे सूर गळून जातात आणि तबला डब्यावर वाजवल्यासारखा येतो. शिवाय जुनी सुई किती झिजलीय कुणास ठाऊक. रविवारी सकाळी त्याच्यावर एखादी जुनी ईपी (सात इंची छोटी रेकॉर्ड) लावा, रेकॉर्डिंगचं काम नव्या मशीनवर करा.

मी न्यू जर्सीत असतो, पुण्यात आईबाबांसाठी इथून टर्नटेबल घेऊन यायचा विचार आहे. व्होल्टेजचं काय? (एडिसन)

अडॅप्टरवर चालणारं नवीन मॉडेल असेल तर अडॅप्टरवरचं बारीक अक्षरातलं वाचा, '१००–२४०' लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायचा प्रश्न उरतो.

गॅरेज सेलमधलं जुनं मशीन आणणार असाल तर थांबा. जुन्या बऱ्याच बेल्टवाल्या टर्नटेबलांच्या मोटरचा स्पीड व्होल्टेजवर नाही, विजेच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतो. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्टेज उतरतं, फ्रीक्वेन्सी तीच राहते, आणि ३३ ची रेकॉर्ड २८ च्या आसपास फिरते. आईबाबांना वाटेल लताबाईंना सर्दी झालीय. काही कंपन्या ५० हर्ट्झसाठी वेगळी पुली द्यायच्या, ती मिळत असेल तरच आणा. आणि विमानात आणताना मागचं वजन काढून ठेवा, तबक, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, वेगळं गुंडाळा, टोनआर्म बांधून टाका, सुई तर हातातल्या बॅगेतच.

टर्नटेबलची वायर लॅपटॉपच्या जॅकला लावून रेकॉर्ड करतोय, आवाज फाटतो आणि एकाच बाजूने येतो. सेटिंग काय ठेवू? (कोल्हापूर)

लॅपटॉपचा तो एकच जॅक म्हणजे हेडफोन आणि माइकचा जॅक. माइकचं इनपुट मोनो असतं आणि फार हळवं असतं, त्यात लाइनचा सिग्नल गेला की फाटणारच. यूएसबीवालं टर्नटेबल असेल तर यूएसबी केबलच लावा. नसेल तर छोटा यूएसबी इंटरफेस घ्या, म्हणजे बाहेरचा आवाज यूएसबीतून कॉम्प्युटरला देणारी डबी. बेहरिंगरचा यूएफओ२०२ आहे, त्यात फोनो प्रीअँप आतच असतो. फोनो प्रीअँप का लागतो तर रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर मुद्दाम वाढवलेले असतात, ते वाजवताना उलटं करावं लागतं. प्रीअँप नसेल तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा. दोनदा लागला, म्हणजे टर्नटेबलच्या मागचं बटण 'लाइन'वर आणि वायर अँपच्या 'फोनो'त, तर आवाज फुगलेला आणि फाटलेला. आणि घूं असा सतत आवाज येत असेल तर अर्थिंगची बारीक वायर लावली आहे का बघा.

सॉफ्टवेअर म्हणाल तर ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरतं. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात जोरदार तान सुद्धा उणे ६ डेसिबलच्या वर जायला नको, वाढवायचं ते नंतर वाढवता येतं, फाटलेलं मात्र जोडता येत नाही. मूळ फाइल वॅव्ह किंवा फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात, ठेवा, नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला एमपी३ वेगळी काढा. चाळीस मिनिटांची एलपी सीडीच्या दर्जाने सव्वाचारशे एमबी होते, २४ बिट ९६ किलोहर्ट्झने १.४ जीबीच्या आसपास. तुमच्या इंटरफेसला जे जमतं ते घ्या, त्यावरून भांडत बसू नका.

एक गोष्ट मात्र आपल्या संगीताबाबत नीट लक्षात ठेवा. नॉइज रिडक्शन, म्हणजे खरखर कमी करायची सोय, वापरताना सॉफ्टवेअर सतत येणाऱ्या सारख्या आवाजाला कचरा समजतं, आणि तानपुरा सतत आणि सारखाच असतो. नमुना म्हणून तानपुरा चालू असलेला तुकडा दिलात तर तो तानपुराच पुसून टाकेल, आणि गवयाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होईल. नमुना घ्यायचा तो सुई टेकल्यापासून संगीत सुरू होईपर्यंतच्या कोऱ्या खाचेचा. नॉइज रिडक्शनही हलक्या हाताने लावा, थोडी खरखर राहू द्या. साफ न केलेली मूळ फाइल कधीही डिलीट करू नका.

आणि हो, शंभर एलपी म्हणजे नुसतं वाजवायलाच साठ-सत्तर तास. एचएमव्हीचं म्हणजे आताच्या सारेगामाचं बरंच काही अधिकृतपणे ऑनलाइन मिळतं, ते परत उतरवण्यात वेळ घालवू नका. जे कुठेच नाही, म्हणजे छोट्या कंपन्यांची नाट्यपदं, गावाकडची कीर्तनं, लग्नात कुणीतरी दिलेली अनोळखी रेकॉर्ड, ते आधी उतरवा. लेबलचा फोटो काढा आणि फाइलच्या नावात रेकॉर्डचा नंबर टाका, नाहीतर दोन वर्षांनी 'ट्रॅक १७' कुणाचा ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

ब्लूटूथवालं टर्नटेबल चालेल का? (नवी मुंबई)

ऐकायला चालेल. उतरवायला वायरच.

मुलगी गाणं शिकते. जुन्या ७८ वर गवयाचा षड्ज काळी एक आणि पांढरी एक यांच्या मधेच कुठेतरी लागतो. मशीन बिघडलंय की रेकॉर्ड? (पुणे)

कदाचित दोन्ही नाही. मुलीचा कान चांगला आहे, तिला शाबासकी द्या.

भारतात रेकॉर्डिंग १९०२ पासून सुरू झालं, ग्रामोफोन कंपनीचे रेकॉर्डिंग करणारे फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आले आणि गायिका गौहर जान गायल्या ते साल. त्या सुरुवातीच्या काळात ७८ हा काही पक्का नियम नव्हता, कुठलं मशीन थोडं हळू फिरायचं, कुठलं जोरात. एक आख्खी पट्टी बदलायला, म्हणजे काळी एकची पांढरी एक व्हायला, स्पीडमध्ये जेमतेम सहा टक्के फरक लागतो. ७८ ऐवजी ७३.६ वर फिरली की गवई एक पट्टी खाली. म्हणजे मधेच कुठेतरी यायला तीनच टक्के पुरतात.

आधी मशीन तपासा. स्ट्रोबची, म्हणजे दिव्याच्या लुकलुकण्यावरून स्पीड दाखवणारी, कागदी चकती मिळते, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला ७८ साठी तिच्यावर ७७ रेघा असतात, अमेरिकन चकतीवर ९२, ती चालणार नाही. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली रेघा स्थिर दिसल्या की स्पीड बरोबर. एलईडी दिव्याखाली कधी कधी काहीच दिसत नाही. मोबाइलचं अ‍ॅपही असतं, फोन तबकावर ठेवून मोजायचं, पण ते ३३ वर करा, ७८ वर फोन खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सापडेल.

मशीन बरोबर निघालं तर मग साथीची पेटी, म्हणजे हार्मोनियम, ऐका. गवई कुठूनही सा लावेल, पेटीला मात्र ठरलेल्या पट्ट्या असतात. पेटी दोन पट्ट्यांच्या मधे वाजत असेल तर स्पीडवर संशय घ्यायला जागा आहे. यातही पळवाट आहेच, त्या काळच्या सगळ्या पेट्या आजच्या मापाने लावलेल्या असतील असं नाही. म्हणून मी म्हणेन, पिच स्लायडरने (स्पीड थोडा कमी-जास्त करायची सरकपट्टी) पेटी जवळच्या पट्टीला आणा, मग फक्त आवाज ऐका. तान जरा घाईची, शब्द चिरके वाटले तर खालची पट्टी धरा. दम जड, आवाज ओढल्यासारखा वाटला तर वरची. मूळ ७८ वर उतरवलेली फाइल ठेवा आणि दुरुस्त केलेली वेगळी ठेवा, नावात किती टक्के बदल केला ते लिहा. तुमच्या निर्णयाशी पुढचा कुणी सहमत नसेल तर त्याला परत मागे जाता आलं पाहिजे.

पावसाळ्यानंतर रेकॉर्डींवर पांढरी बुरशी आलीय. स्पिरिटने पुसू का? (रत्नागिरी)

लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट लावू नका! सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, तुमची रेकॉर्ड तशीच विरघळेल. ती अगदी किंचित ओल्या मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसून लगेच कोरडी करा, भिजत टाकू नका. व्हिनाइलला डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब, लेबल कोरडं ठेवून, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन सावलीत उभी वाळवा. काम गच्चीवर करा, तोंडाला मास्क लावा. आतली बुरशी लागलेली कागदी पाकिटं फेकून द्या, बाहेरच्या कव्हरचा आधी फोटो काढा. नंतर रेकॉर्डी उभ्या ठेवा, एकावर एक नाही, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर नाहीच.

उतरवलेली गाणी यूट्यूबवर टाकली तर चालतील का? (डोंबिवली)

स्वतःच्या खासगी वापरासाठी उतरवणं वेगळं आणि जगाला देणं वेगळं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे १९६० ची रेकॉर्ड २०२० संपताना मोकळी झाली. पण ती फक्त रेकॉर्ड. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे रेकॉर्ड मोकळी आणि गाणं अडकलेलं असं सर्रास होतं. पारंपरिक बंदिशी आणि संतांचे अभंग यांच्यात शब्दांचा प्रश्न येत नाही, अभंगाची चाल कुणाची ते मात्र बघावं लागतं. टाकायचंच असेल तर रेकॉर्डचं साल आणि लेबलवरची नावं आधी तपासा, ती छोट्या अक्षरात असतात आणि बऱ्याचदा गायकाच्या नावाखाली कंसात असतात.