म्हणे, ‘फक्त दुकानात बसते’!

ताई, मी एम.कॉम. आहे. सीएफए या गुंतवणूक-विश्लेषणाच्या परीक्षेच्या दोन लेव्हल पहिल्याच झटक्यात सुटल्या, एनआयएसएम या शेअर बाजार प्रशिक्षण संस्थेची रिसर्च अ‍ॅनालिस्टची परीक्षाही पास झाले. मुंबईत ब्रोकरेजमध्ये इक्विटी रिसर्चला, म्हणजे कंपन्यांच्या शेअर्सचा अभ्यास करायला, जायचंय. दीड वर्ष अर्ज करतेय, पण सगळे अनुभव विचारतात आणि माझा अनुभव शून्य. (संध्याकाळी फक्त बाबांच्या कृषी सेवा केंद्रात बसते, बिलं आणि उधारीची वही बघते.) आता एफआरएम ही जोखीम व्यवस्थापनाची परीक्षा देऊ की एमबीए करू?
– प्र., पिंपळगाव बसवंत

दोन्ही नको. परीक्षा पुरे झाल्या. तिसरी लेव्हल खुशाल दे, पण चार्टरला, म्हणजे नावापुढे सीएफए लावायला, 4,000 तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि तो पेपर लिहून भरत नाही.

तुझ्या अख्ख्या पत्रात कामाची गोष्ट एकच, आणि ती तू कंसात टाकलीस. वर ‘फक्त’! अगं, कीटकनाशक कंपन्यांवर रिपोर्ट लिहिणारे अ‍ॅनालिस्ट दुकानदारांना फोन करकरून जे विचारतात, ते तुझ्या वहीत आहे. हंगामाआधी कंपनीचा माणूस येतो, ‘ठेवा हो, नाही खपला तर परत घेऊ’ म्हणत पेट्या उतरवतो. कंपनीच्या पुस्तकात ती विक्री. परत येणाऱ्या मालाचा अंदाज कंपनीला वजा करावा लागतो, ताळेबंदात तो ‘रिफंड लायबिलिटी’ म्हणून बसतो. पाऊस फिरला की अंदाज चुकतो, माल रॅकवर राहतो, मग क्रेडिट नोटा, म्हणजे परत गेलेल्या मालाचे पैसे वजा केल्याच्या चिठ्ठ्या, निघतात. बाजाराला हे निकालात कळतं. तू रोज त्या रॅकसमोर बसतेस.

तेव्हा एकच कर. जिचा माल तुमच्याकडे येतो अशी एक शेअर बाजारात नोंदलेली कंपनी घे आणि तिच्यावर आठ पानांचा रिपोर्ट लिही. पाच वर्षांचे वार्षिक अहवाल आणि निकालांनंतर कंपनी अ‍ॅनालिस्टांशी बोलते त्या कॉन्फरन्स कॉलच्या नोंदी बीएसईच्या साइटवर फुकट मिळतात. एक्सेलमध्ये नफा-तोटा, ताळेबंद, कॅश फ्लो, तिन्ही एकमेकांना जोड. ताळेबंद जुळत नाही म्हणून मध्ये हाताने आकडा घुसवू नकोस. मॉडेल तपासणारा आधी तेच शोधतो.

खरी मेहनत उधारीवर घे. येणं भागिले वर्षाची विक्री गुणिले 365, हे उधारी किती दिवसांची ते काढायचं सूत्र तुला पाठ असेल. पण नुसता मार्चचा आकडा घेतलास तर फसशील, कारण तोवर खरिपाची बरीच वसुली झालेली असते. सप्टेंबरअखेरचा ताळेबंदही सहामाही निकालात येतो. दोन्ही शेजारी मांड, आणि तिसऱ्या रकान्यात तुमच्या दुकानाला त्या कंपनीने दिलेली मुदत आणि प्रत्यक्ष पैसे गेले ते दिवस. हा तिसरा रकाना मुंबईत कुणाकडे नाही.

मात्र पिंपळगाव म्हणजे देश नव्हे. तुमच्याकडे द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी-भुरी या रोगांची औषधं जातात, यवतमाळला कापसाची. बाबांच्या ओळखीने विदर्भ-मराठवाड्यातल्या पाच-सहा दुकानदारांशी बोल, आणि किती जणांशी बोललीस ते रिपोर्टात स्पष्ट लिही. शेतकऱ्यांची नावं नकोत. कंपनीच्या माणसाने जाहीर न झालेले आकडे सांगितले तर ते वापरायचे नाहीत. रिपोर्ट टेलिग्रामवर टाकायचा नाही. एनआयएसएम पास होणं म्हणजे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीची नोंदणी नव्हे, आणि लोकांना ‘घ्या-विका’ सांगायला नोंदणी लागते.

पाठवायचा कुणाला? एचआरला नाही. ब्रोकरेजच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर अ‍ॅनालिस्टचं नाव आणि ईमेल छापलेला असतो. हे क्षेत्र बघणारे दहा जण काढ, प्रत्येकाला वेगळा मेल लिही. सहा ओळींचा, सोबत पीडीएफ आणि एक्सेल. नोकरी मागू नकोस, ‘उधारीच्या तक्त्यात काय चुकलंय ते सांगाल का?’ एवढंच विचार. सप्टेंबर तिमाहीचे निकाल 14 नोव्हेंबरपर्यंत संपतात. त्याआधी या लोकांना जेवायला फुरसत नसते, तेव्हा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाठव.

आणि सीव्हीत अनुभवाच्या रकान्यात पहिली ओळ दुकानाची येऊ दे: किती कंपन्यांचा माल, वर्षाला किती उलाढाल, किती खात्यांची उधारी सांभाळतेस. उलाढाल बाबांना विचारूनच लिही.