पंखा फिरतो, स्क्रीन काळी? आधी रॅम बघ

मालवणात दुरुस्तीचं दुकान टाकतोयस, तर हे आधीच सांगून ठेवतो. पावसाळ्यात तुझ्याकडे असे पीसी हमखास येणार: पंखा फिरतो, लाईट लागते, पण स्क्रीनवर काहीच नाही. गिऱ्हाईक घाबरून म्हणेल, मदरबोर्ड गेला. तू लगेच मान डोलावू नकोस.

आपली हवा खारी आणि दमट. रॅमच्या, म्हणजे मदरबोर्डवर बसवलेल्या मेमरीच्या कार्डाच्या, सोनेरी पट्ट्यांवर हळूहळू मळकट थर चढतो आणि संपर्क तुटतो. वायर प्लगमधून काढ, पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धर, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लाव, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते, मग रॅम कडेने धरून बाहेर काढ. पांढऱ्या मऊ खोडरबराने पट्ट्या एकाच दिशेने हलक्या हाताने पूस. खोडरबराचा चुरा ब्रशने झाड, तो स्लॉटमध्ये पडता कामा नये. पॉलिश पेपर तर मुळीच नको, सोन्याचा मुलामाच निघून जातो. परत बसवताना दोन्हीकडून 'टक' ऐकू आलं पाहिजे. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघ.

पीसीची तारीख सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर २०३२ सेल बदल, तो ३ व्होल्टचा असतो.

पॉवर सप्लाय मात्र उघडू नकोस रे. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा करंट राहू शकतो.