ओढ्याकाठची तीच वाट पुन्हा पुन्हा टिपताना

ओढ्याकाठची एकच वाट वेगवेगळ्या वेळी टिपून उजेड कसा बदलतो हे पाहायचं असेल, तर अख्खी वाट टिपायच्या मागे लागू नका. तीनच जागा निवडा आणि त्या पक्क्या करा. ट्रायपॉड कुठल्या दगडाशेजारी, किती उंचीवर, लेन्स किती मिलिमीटरवर, हे लिहून ठेवा. आधीचा फोटो मोबाइलवर समोर धरून चौकट जुळवा. चौकट हलली की दोन फोटोंतला फरक उजेडाचा की जागेचा, हेच कळत नाही.

सुरुवातीची सर्वात मोठी चूक म्हणजे व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची कॅमेऱ्यातली सेटिंग) ऑटोवर ठेवणे. सकाळचा पिवळसर आणि सावलीतला निळसर उजेड कॅमेरा आपोआप सपाट करून टाकतो, आणि तुम्हाला तर नेमका तोच फरक हवा आहे! 'डेलाइट'वर ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा.

बाकी एवढंच सांभाळा:
- आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११ (लेन्सचं तोंड किती उघडं ते), दोन सेकंदांचा टायमर.
- वाहत्या पाण्यासाठी शटर १/४ ते १/२ सेकंद उघडं ठेवा. फार लांबवलं तर प्रवाहाच्या रेषा जाऊन नुसतं दूध दिसतं.
- पानांतून कवडसे पडत असतील तर पाण्यावरचे पांढरे ठिपके आधी जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसते पांढरे होतात. एक्स्पोजर २/३ ते १ स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा.
- पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर) जरूर घ्या. ओल्या दगडांवरची चकाकी जाते, पण दीड-दोन स्टॉप उजेडही खातो.

ढगाळ दिवशी घरी बसू नका. जंगलात तोच उजेड सगळ्यात सोपा. एक्स्पोजर ब्रॅकेटिंग (कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो), फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडणं) वगैरे सध्या राहू द्या. आधी एकाच जागेचे दहा वेगवेगळ्या वेळांचे फोटो शेजारी-शेजारी लावून पाहा.