कॅनडात पहिल्याच सत्रात मॅक्रो घेऊ का?

तुझा प्रश्न असा: महाराष्ट्र बोर्डातून बारावी कॉमर्स झालंय, सप्टेंबरपासून ऑन्टॅरिओत बिझनेसच्या पदवीला जायचंय, तिथे मॅक्रोइकॉनॉमिक्सचा (आपलं स्थूल अर्थशास्त्र) प्राथमिक कोर्स सक्तीचा आहे. तो पहिल्या सत्रात उरकावा की पुढे ढकलावा, गणित किती लागतं, आणि पुस्तकं इथूनच न्यावीत का. ताई म्हणालीस, म्हणून सरळ तू-तुझंच लिहिते.

पहिल्या वर्षातच घे. मायक्रोच्या (सूक्ष्म अर्थशास्त्राच्या) जोडीने घे किंवा मायक्रो झाल्यावर घे. काही ठिकाणी मायक्रो आधी पूर्ण झाल्याशिवाय मॅक्रोला नोंदणीच होत नाही, तेवढं विद्यापीठाच्या कोर्सयादीत बघून ठेव. उन्हाळी सत्रात मात्र घेऊ नकोस. बारा आठवड्यांचा मजकूर सहा आठवड्यांत कोंबलेला असतो आणि तेव्हाच सगळे नोकरीचे तासही वाढवतात. माझ्या दोन मैत्रिणी त्यातच आपटल्या.

मी हा कोर्स सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. सांगलीहून येऊन तीन आठवडे झाले होते. बारावीला अर्थशास्त्रात ९१ मार्क, त्यामुळे पहिले पंधरा दिवस मी साडेतीनशे मुलांच्या त्या हॉलमध्ये मागे निवांत बसून होते. राष्ट्रीय उत्पन्न? झालंय. निर्देशांक? झालाय. पहिल्या मिडटर्मला शंभरात ५४ मिळाले.

इंग्रजीमुळे नाही, गणितामुळे तर मुळीच नाही. बोर्डाने आपल्याला ‘फरक स्पष्ट करा’ आणि ‘सहमत आहात की नाही, सकारण लिहा’ याची सवय लावलेली असते. इथे पेपर बहुपर्यायी. प्रश्न साधारण असा: अमेरिकेत मंदी आली, तर कॅनडाचा एकूण मागणीचा वक्र कुठे सरकेल, उत्पादनाचं काय होईल, किंमतपातळीचं काय होईल? पर्याय चार, त्यातले तीन बरोबर वाटतात, हातात दीड मिनिट. कॅनडाच्या वस्तुनिर्यातीचा सुमारे तीन-चतुर्थांश माल अमेरिकेत जातो. हे ठाऊक असेल तर निर्यात घटते, वक्र डावीकडे जातो, उत्पादन आणि किंमतपातळी दोन्हीवर खाली जाण्याचा दबाव येतो, ही साखळी आपोआप लागते. व्याख्या पाठ असून उपयोग शून्य.

मागणीतला विस्तार-संकोच आणि वृद्धी-ऱ्हास यांतला फरक तू पाठ केला असशील. एकात आपण त्याच वक्रावरून वरखाली जातो, दुसऱ्यात वक्रच जागा सोडतो. तेव्हा तो चार मार्कांचा प्रश्न वाटतो. इथे निम्मा कोर्स त्यावर उभा आहे. माझे सगळ्यात जास्त मार्क तिथेच गेले, कारण मी वक्र मनातल्या मनात काढत होते. प्रत्येक प्रश्नाला कागदावर आकृती काढ, कितीही बाळबोध वाटली तरी. दुसऱ्या मिडटर्मला मी एवढंच बदललं आणि ७८ वर गेले.

दुसरी गडबड: आपल्या डोक्यात रिझर्व्ह बँक घट्ट बसलेली असते. पैशाच्या प्रकरणाला ट्यूटोरियलमध्ये मी आत्मविश्वासाने विचारलं, इथला सीआरआर (ठेवींतला जो हिस्सा बँकांना मध्यवर्ती बँकेकडे रोख राखून ठेवावा लागतो तो) किती? शिकवणारा पीएचडीचा मुलगा म्हणाला, शून्य. मला वाटलं थट्टा करतोय. कॅनडाने बँकांवरचं रोख राखीव ठेवण्याचं बंधन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच टप्प्याटप्प्याने काढून टाकलंय. म्हणजे सीआरआर घटवला की कर्जं किती पट वाढतील, हे आपलं आवडतं गणित इथल्या बँकांना त्या रूपात लागूच होत नाही. पुस्तकात मात्र ते असतं आणि परीक्षेत येतंही. तेव्हा परीक्षेपुरतं गणित कर, आणि प्रत्यक्षात मध्यवर्ती बँक व्याजदर हलवते हे लक्षात ठेव.

व्याजदराची तर मला शिकवणीच लागली. बँक ऑफ कॅनडाचं महागाईचं उद्दिष्ट २ टक्के, १ ते ३ च्या पट्ट्यात. ही पद्धत त्यांच्याकडे १९९१ पासून आहे. (आपल्याकडे ४ टक्के, अधिक-उणे २, आणि तेही २०१६ पासून.) मी आले त्या वर्षी जूनमध्ये इथली महागाई ८.१ टक्क्यांवर गेली होती. मार्चच्या सुरुवातीला ०.२५ टक्के असलेला दर जुलैत एका दिवसात पूर्ण एक टक्क्याने वाढला होता. माझ्या सत्रात ७ सप्टेंबर, २६ ऑक्टोबर आणि ७ डिसेंबर असे तीनदा दर वाढले, शेवटी ४.२५. प्राध्यापक त्या दिवशीचा ठरलेला पाठ बाजूला ठेवून बँकेचं निवेदनच पडद्यावर लावायचे. असा योग तुला येईल की नाही सांगता येत नाही, पण वर्षातून आठ ठरलेल्या तारखांना हा निर्णय येतो. त्या तारखा मोबाइलमध्ये टाकून ठेव आणि निवेदनाचं पहिलं पान वाच. एवढं तरी चुकवू नकोस.

पुढच्या वर्षी हाच धडा घरी आला. मी एका नव्या घराच्या बेसमेंटमधल्या खोलीत राहायचे. घरमालकाने भाडं दीडशे डॉलरने वाढवलं. म्हणाला, माझा कर्जाचा हप्ता वाढलाय. तेव्हा पटलं. आता वाटतं, ते अर्धंच कारण होतं. खोलीसाठी बाहेर रांग नसती तर हप्ता वाढूनही त्याला भाडं वाढवता आलं नसतं. ऑन्टॅरिओत २०२३ मध्ये आणि २०२४ मध्येही भाडेवाढीची मर्यादा २.५ टक्के होती, पण १५ नोव्हेंबर २०१८ नंतर प्रथमच राहण्यासाठी वापरात आलेल्या घरांना ती लागू नाही. आणि घरमालकाचंच स्वयंपाकघर किंवा बाथरूम तुला वापरायचं असेल, तर भाडेकरूंचा तो कायदाच तुला लागू होत नाही. खोली बघताना हे दोन प्रश्न आधी विचार, रंग आणि खिडकी नंतर बघ.

यात एक गंमत आहे, त्या वर्षीचा माझा टर्म पेपर तिच्यावरच होता. कॅनडाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात गृहकर्जाचं व्याज धरलं जातं. २०२३ च्या उन्हाळ्यात तो घटक वर्षभरात ३० टक्क्यांहून अधिक वाढला होता. म्हणजे महागाई उतरवायला व्याजदर वाढवायचे, आणि त्या वाढीनेच निर्देशांकाचा एक भाग फुगायचा! आपल्याकडे गोष्ट निराळी. २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत खाण्यापिण्याचा भार ४५.८६ टक्के होता. तिथे कांदा-टोमॅटो कडाडले की निर्देशांक हलतो आणि रिझर्व्ह बँकेने दर वाढवून टोमॅटो काही पिकत नाहीत. दोन्ही देशांचे निर्देशांक समोर ठेवून लिहिलंस तर प्राध्यापकांना आवडतं, आणि ही सोय वर्गातल्या बहुतेकांकडे नसते.

नाममात्र आणि वास्तव किंमत हा मुद्दा अनेकांना जड जातो. तू तर त्याचा अनुभव घेऊनच येणार आहेस. स्टडी परमिटसाठी राहण्याच्या खर्चाचे दाखवायचे पैसे २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १०,००० डॉलरवरच अडकले होते. १ जानेवारी २०२४ पासून ते एकदम २०,६३५ झाले. आपल्या लोकांनी दुप्पट केले म्हणून बोंब मारली, मीही त्यात होते. पण वीस वर्षं आकडा तोच राहिला म्हणजे त्याची खरेदीशक्ती दरवर्षी झिजतच होती. सरकारने साठलेली थकबाकी एका दिवसात वसूल केली. (त्यानंतर आकडा आणखी वाढलाय. जीआयसी, म्हणजे हे पैसे दाखवायला कॅनडातल्या बँकेत ठेवायची ठेव, काढताना सरकारी संकेतस्थळावरचाच बघ, एजंटने सांगितलेला नाही.)

पहिली पगाराची पावती आली की त्यात ईआयची कपात दिसेल. हा बेरोजगारी विमा. राजकोषीय धोरणाच्या प्रकरणात त्याला स्वयंचलित स्थिरक म्हणतात: मंदी आली की संसदेत नवा कायदा न करताच पैसा लोकांच्या हाती जाऊ लागतो. मला ते वाचताना बाबांची पगाराची स्लिप आठवली. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापला जाणारा व्यवसाय कर. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला महाराष्ट्राने १९७५ मध्ये तो आणला. पाऊस गेला की हमीच्या कामावर माणसं वाढतात, बरा झाला की आपोआप कमी होतात. ट्यूटोरियलमध्ये हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कुणी माझं बोलणं लिहून घेतलं.

आता किरकोळ. गणित म्हणजे शेकडेवारी, रेषेचा चढ आणि गुणकाचं सूत्र, १/(१−सीमांत उपभोगप्रवृत्ती), एवढंच. कॅल्क्युलस या पातळीला बहुधा लागत नाही. कॅल्क्युलेटर साधा घे, प्रोग्रॅम करता येणारा परीक्षेत चालत नाही. आठवड्याला कामाची मर्यादा सत्र चालू असताना २४ तास आहे, पण मिडटर्मच्या आठवड्यात ते सगळे भरू नकोस. शिकवणाऱ्यांच्या ऑफिसच्या वेळेत जा. साडेतीनशेतले जेमतेम चार-पाच जण येतात, आणि जुन्या पेपरातला प्रश्न घेऊन गेलं की ते कंटाळत नाहीत.

पुस्तकं आणू नकोस. आपल्याकडची स्वस्त आवृत्ती मी आणली होती. त्यात उदाहरणं अमेरिकेची, पानांचे क्रमांक वेगळे, आणि गृहपाठ ज्या ऑनलाइन कोडवर होतो तो तिच्यात नसतो. तो कोड नवाच घ्यावा लागतो आणि महाग असतो. म्हणून कोर्स आउटलाइन हातात येईपर्यंत काहीच विकत घेऊ नकोस. काही प्राध्यापक ओपनस्टॅक्सचं फुकट पुस्तकच लावतात. आधी थोडं वाचायचंच असेल तर बारावीचं आपलं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतं. मोबाइलमध्ये उतरवून घे. निर्देशांक आणि राष्ट्रीय उत्पन्न, ही दोनच प्रकरणं विमानात वाच. निर्देशांक काढायच्या त्यातल्या दोन पद्धती, लास्पेअर आणि पाशे, मला तिसऱ्या आठवड्यात पुन्हा भेटल्या होत्या.